थांबायची तारीख आधी ठरवा

सिक्रीटिन हे लहान आतड्यात तयार होणारे एक संप्रेरक. जठरातले अन्न पुढे सरकले की स्वादुपिंडाला रस सोडायची सूचना द्यायची, हे त्याचे नेहमीचे काम. १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन स्वमग्न मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. पोटाच्या तपासणीसाठी या मुलांना सिक्रीटिनचे इंजेक्शन दिले होते आणि पुढच्या काही आठवड्यांत ती नजरेला नजर देऊ लागली, त्यांचे बोलणे वाढले. बातमी दूरचित्रवाणीवर गेली आणि हजारो पालक हे इंजेक्शन मिळवायच्या मागे लागले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात काही मुलांना सिक्रीटिन दिले होते, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे आईवडिलांना ठाऊक नव्हते आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही नव्हते. सिक्रीटिनवाल्या मुलांमध्ये सुधारणा दिसली, आणि मिठाच्या पाण्यावरच्या मुलांमध्येही दिसली. दोन्हींत फरक नव्हता. हे निष्कर्ष पालकांना समजावून सांगितल्यावरही त्यांतल्या ६९ टक्के जणांना आपल्या मुलासाठी सिक्रीटिनमध्ये रस होताच. नंतर डझनाहून अधिक चाचण्या झाल्या आणि उत्तर तेच राहिले.

ही हकिगत पालकांच्या भोळेपणाचा दाखला म्हणून सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्या आईवडिलांनी जे पाहिले ते घडलेलेच होते. मुले खरोखर पुढे गेली होती. चूक झाली ती श्रेय कोणाला द्यायचे यात. स्वमग्न मूल वाढत असते, आणि त्याची वाढ जिन्यासारखी असते: कित्येक महिने काहीच हलत नाही, मग एखाद्या पंधरवड्यात चार शब्द एकदम येतात. शिवाय नवा उपाय आपण बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत शोधतो. झोप उडालेली असते, शाळेतून तक्रारी येत असतात. वाईट दिवसांनंतर बरे दिवस येणारच असतात, मग डब्यात पावडर असो वा पिठीसाखर. त्यात आपणच आशेने जास्त निरखून पाहू लागतो, जास्त बोलू लागतो, आणि त्याचा मुलाला खरोखर फायदा होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १४९ मुलांना सिटालोप्रॅम हे औषध किंवा त्याच्यासारखे दिसणारे निरुपयोगी द्रव्य दिले. औषधावरची सुमारे ३३ टक्के मुले सुधारली; निरुपयोगी द्रव्यावरची सुमारे ३४ टक्के. हा आकडा नीट डोक्यात ठेवावा. या हिशेबाने एखाद्या दवाखान्याने ३०० मुलांना नुसती साखर दिली, तरी मनापासून आभार मानणारी शंभरेक कुटुंबे त्याच्याजवळ जमतील. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘आमच्या मुलाला फरक पडला’ हे व्हिडिओ खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. ते खरे असूनही त्यांतून उपायाबद्दल काही कळत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणून या लेखात सांगायचे आहे ते एवढेच: एखादे पूरक द्यायचेच ठरवले असेल, तर ते चालले नाही हे तुम्हाला कळू शकेल अशा रीतीने द्या. सुरू करण्याआधी थांबायची तारीख कागदावर लिहा. बहुतेक घरांत याच्या उलट होते. एक बाटली येते, महिन्याने दुसरी येते, पहिली बंद करायची हिंमत होत नाही कारण ‘काय सांगावे, तिच्यामुळेच चाललेय’. दोन वर्षांनी सकाळच्या ताटलीत नऊ गोळ्या असतात आणि त्यांतली कोणती कशासाठी, हे कोणालाच सांगता येत नाही.

घरातली पडताळणी प्रयोगशाळेइतकी काटेकोर होणार नाही, पण शंभर पानांच्या वहीत बरेच काही साधते. आधी मोजता येईल अशी एकच गोष्ट निवडा: रात्री किती वेळा जाग येते, आठवड्यात किती वेळा शौचाला होते, दिवसात किती वेळा स्वतःहून काही मागितले, ताटातले किती वेगवेगळे पदार्थ खाल्ले. ‘जाण वाढली’, ‘चेहरा फ्रेश दिसतो’ या गोष्टी मोजता येत नाहीत, आणि विक्रेता नेमक्या त्याच पुढे करतो. उपाय सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे नुसते मोजा, म्हणजे मूळची पातळी कळेल. त्या काळात दुसरे काही बदलू नका. नवी थेरपी नको, नवे औषध नको. जूनमध्ये शाळा उघडताना, मे महिन्यात गावी जाताना किंवा दिवाळीच्या धामधुमीत प्रयोग सुरू करू नका, कारण तेव्हा दिनक्रमच बदललेला असतो. ज्याला या उपायाची कल्पना नाही अशा एखाद्या माणसाला, शाळेतल्या बाईंना किंवा स्पीच थेरपिस्टना, तीच गोष्ट टिपायला सांगा. आठ किंवा बारा आठवड्यांनी ठरल्या तारखेला ते पूरक बंद करा आणि मोजणे पुढे चालू ठेवा. बंद केल्यावर आकडे पडले नाहीत, तर बाटली परत आणायचे कारण उरत नाही. हा सगळा प्रकार बालरोगतज्ज्ञांना विचारून निवडलेल्या, योग्य मात्रेतल्या पूरकांपुरताच आहे. फेफऱ्याचे किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले दुसरे कोणतेही औषध असे ‘बघू या’ म्हणून कधीही थांबवायचे नसते.

एक उपाय मात्र या वहीत मांडताच येत नाही: ज्याचा सांगणारा म्हणतो की मूल सुधारले तर औषध लागू पडले, आणि चिडचिड, जुलाब, पुरळ वाढले तर ‘शरीरातले विष बाहेर पडतेय’. दोन्ही निकाल एकाच बाजूने मोजणाऱ्या तराजूवर आपले मूल ठेवू नये. हे वाक्य ऐकले की खुर्ची मागे सरकवून उठावे.

‘पण करून पाहायला काय हरकत आहे?’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर उपायानुसार बदलते. ग्लूटेन आणि केसीन, म्हणजे गव्हातली आणि दुधातली प्रथिने, बंद करण्याचे घ्या. या आहारावरच्या नियंत्रित चाचण्या लहान आहेत, पण काळजीपूर्वक झालेल्यांत स्वमग्नतेच्या लक्षणांत फरक आढळलेला नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ असलेल्या मराठी स्वयंपाकघरात गहू काढणे फारसे जड जात नाही. पोळीच्या जागी भाकरी आली की झाले. दूध काढणे मात्र वेगळे. शाकाहारी घरात दूध, दही, ताक, पनीर गेले की कॅल्शियमची मोठी वाट बंद होते आणि ब१२ ची जवळजवळ एकमेव वाट बंद होते. नाचणी कॅल्शियम देते, ब१२ देत नाही. २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दूधविरहित आहारावरच्या स्वमग्न मुलग्यांच्या हाडांचा थर इतरांपेक्षा पातळ आढळला होता. त्यातून जे मूल मुळात पाचसहाच पदार्थ खाते, त्याच्या ताटातून दहीभात काढून घेणे म्हणजे त्याच्या जगातला ओळखीचा तुकडा काढून घेणे. सिलिॲक आजाराची किंवा दुधाच्या ॲलर्जीची शंका असेल तर आधी तपासणी करावी, आणि सिलिॲकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी. गहू बंद केल्यावर ती फसवते.

जीवनसत्त्वांबद्दलही ‘जास्त झाले तर लघवीवाटे जाते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. अ आणि ड शरीरात साठतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आपल्याकडे सहज मिळते. आठवड्यातून एकदा घ्यायची ती रोज दिली गेली, तर रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात चार वर्षांच्या स्वमग्न मुलाची नोंद आली. पर्यायी उपचारकाच्या सल्ल्याने त्याला डझनभर पूरके चालू होती, कॅल्शियम धोक्याच्या पातळीला गेले, मूल रुग्णालयात दाखल झाले, आणि पूरकांची यादी डॉक्टरांना सुरुवातीला कळलीच नव्हती. ब६ पाण्यात विरघळते खरे, पण मॅग्नेशियमबरोबर ते मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ दिले तर हातापायांच्या नसांना इजा करते. ओमेगा-३ योग्य मात्रेत बहुधा निरुपद्रवी. लाभ मात्र ठोस दिसलेला नाही. डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा पूरकांवर ते औषधी वापरासाठी नाही असे छापावे लागते. दुकानदार काहीही सांगो, डबा स्वतःच कबुली देतो.

इथे कोणी म्हणेल, हा पाश्चात्त्य डॉक्टरांचा पक्ष झाला, आपल्या आयुर्वेदाचे काय? माझा मुद्दा ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद असा नाहीच. बुमेटॅनाइड हे आधुनिक वैद्यकातले जुने औषध स्वमग्नतेसाठी उपयोगी ठरेल अशी मोठी आशा होती. ४०० हून अधिक मुलांवरच्या चाचण्यांत फरक दिसला नाही आणि २०२१ मध्ये त्या थांबवल्या गेल्या. ऑक्सिटोसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याच्या २९० मुलांवरच्या चाचणीतही त्याच वर्षी फरक दिसला नाही. मोठ्या कंपन्यांच्या औषधांना जी कसोटी लावली, तीच पुष्य नक्षत्रावर दिल्या जाणाऱ्या सुवर्णप्राशनाला, ब्राह्मीला आणि जीभ वळावी म्हणून चाटवल्या जाणाऱ्या वेखंडाला लावावी, इतकेच. घरातला संस्कार म्हणून एखादी गोष्ट चालत आली असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न; ती उपचार म्हणून विकली जाऊ लागली की तिला वही लागू होते. भस्मांबाबत मात्र वहीआधी प्रयोगशाळा हवी. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले, आणि रसौषधींत हे प्रमाण अधिक होते. वाढत्या मेंदूला शिशाचा सुरक्षित डोस नसतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मग त्यात सोने असो वा नसो.

जे उपाय घरात, दवाखान्यात, कुठेही ‘करून पाहायचे’ नाहीत, त्यांच्याबद्दल थोडक्यातच सांगता येते. क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब म्हणजे ब्लीच आहे, मग बाटलीवर कितीही चमत्कारिक नाव असो. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या पेटीला स्वमग्नतेसाठी आधार नाही. शरीरातले जड धातू ‘बाहेर काढण्यासाठी’ चिलेशनची औषधे शिरेतून दिली जातात. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अशाच उपचारात पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तातले कॅल्शियम कोसळले आणि हृदय बंद पडले. तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने चिलेशनच्या चाचणीची योजना २००८ मध्ये सोडून दिली. त्यामागे एक निरीक्षण होते: शिसे नसलेल्या उंदरांना चिलेशनचे औषध दिल्यावर त्यांच्या शिकण्यात आणि भावनिक वागण्यात टिकून राहणारा बिघाड दिसला होता. आपल्याकडे सर्वाधिक पैसा खेचणारा उपाय म्हणजे स्टेम सेल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची चाचणी झाली. २०२० साली आलेल्या निकालात मुख्य निकषावर फरक नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करता येतो, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस नाही असे स्पष्ट केले. खऱ्या चाचणीत तुमच्याकडून लाखो रुपये घेतले जात नाहीत. पॅकेजचा दर सांगितला की ती चाचणी नसते, विक्री असते.

आता जे खरोखर शोधायला हवे त्याकडे येऊ, कारण ‘हे सगळे जनुकीय आहे, काही उपयोग नाही’ म्हणून हात झटकणारा डॉक्टरही चुकतोच. स्वमग्न मुलांच्या शरीरात दुखणी असतात, आणि ती सांगता येत नसल्यामुळे वागण्यातून बाहेर पडतात. डोके आपटणाऱ्या, अचानक चावा घेणाऱ्या मुलाचे दात किडलेले असू शकतात, कान दुखत असू शकतो, आतड्यात आठवडाभराचा मळ साचलेला असू शकतो. बद्धकोष्ठतेवर साधे, स्वस्त उपचार आहेत. ती बरी झाली की झोप आणि राग दोन्ही सुधारतात, आणि त्याचे श्रेय उगाच एखाद्या प्रोबायोटिकला जाते. फक्त पांढरा भात आणि बिस्किटे खाणाऱ्या मुलात लोह, ब१२, क, ड यांची कमतरता खरीखुरी असू शकते. अतिशय मर्यादित खाण्यामुळे स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या आणि अ जीवनसत्त्वाअभावी नजर गेल्याच्या नोंदी आहेत. अशा मुलासाठी पूरक हा पर्यायी उपचार राहत नाही, तो उपचारच असतो. फरक इतकाच की आधी रक्त तपासलेले असते आणि मात्रा वजनानुसार ठरवलेली असते. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कमी असेल तर रात्री पाय हलत राहतात आणि झोप तुटते, म्हणून झोपेच्या तक्रारीत ते पाहून घ्यावे. माती, भिंतीचा पोपडा, खडू खाणाऱ्या मुलाचे शिशाचे प्रमाण शिरेतल्या रक्तातून तपासावे. जुना रंग, सुरमा, भेसळीची हळद या आपल्याकडच्या खऱ्या वाटा आहेत. रक्तात शिसे सापडले तर रुग्णालयातले उपचार योग्यच. केसांचा नमुना परदेशी पाठवून येणारा रंगीत अहवाल, किंवा आधी औषध देऊन मग घेतलेली लघवीची तपासणी, यांवर मात्र विसंबू नये: चिलेशनच्या औषधानंतर कोणाच्याही लघवीत धातू वाढलेले दिसतात, आणि त्या आकड्याची तुलना औषध न घेतलेल्यांच्या आकड्याशी केली जाते. झोप लागतच नसेल तर मेलॅटोनिनला चांगला पुरावा आहे. ते बालरोगतज्ज्ञांच्या मात्रेने, झोपेच्या वेळा नीट लावल्यानंतर द्यावे.

‘विज्ञान सावकाश चालते, माझ्या मुलाची पहिली पाच वर्षे थांबत नाहीत’ हा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ल्युकोव्होरिनबद्दल घोषणा केली तेव्हा जगभरच्या पालकांनी हाच विचार केला असणार. कर्करोगाच्या मेथोट्रेक्सेटबरोबर दिले जाणारे हे फोलेटचे रूप आहे. मेंदूत फोलेट कमी पोहोचण्याच्या एका दुर्मीळ विकारासाठी त्याला जागा आहे. स्वमग्नतेत भाषेसाठी आशा दाखवणारी २०१८ ची जी चाचणी वारंवार सांगितली जाते, तिच्यात ४८ मुले होती आणि काळ १२ आठवड्यांचा होता. हे आशेला पुरेसे आहे, औषधाच्या दुकानात धावायला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट वापराची शिफारस केलेली नाही. सिक्रीटिनची सुरुवातही तीन मुलांपासून, अशाच घाईत झाली होती. वेळ मोलाचा आहे म्हणूनच तो निरुपयोगी बाटलीवर घालवू नये. आठ महिने एका पावडरीच्या भरवशावर स्पीच थेरपी पुढे ढकलली, तर ते महिने परत मिळत नाहीत. पैशाचेही तेच. महिन्याला पाच-सात हजार रुपये पूरकांवर जात असतील, तर तेवढ्यात ऑक्युपेशनल थेरपीची किती सत्रे होतात, चित्रकार्डांची किंवा बोलणाऱ्या ॲपची सोय होते का, सोबत बसायला कोणी ठेवता येते का, हा हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानावर मांडावा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत नोंदणी केलेल्या मुलाला वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही भाग असतो. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. या गोष्टींची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला कमिशन नाही.

डॉक्टरांना पूरकांबद्दल सांगितले तर ते रागावतील, म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात. हे गप्प राहणेच खरे धोक्याचे, कारण फेफऱ्याच्या औषधाची रक्तातली पातळी काही काढ्यांनी आणि गोळ्यांनी बदलते आणि आपल्याला झटका का आला हे कळत नाही. पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या बाटल्या, डबे, पुड्या, आजीने दिलेली गुटीसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर मांडा. ‘यातले काय थांबवू, काय ठेवू, आणि ठेवले तर कधीपर्यंत?’ एवढे विचारा. डॉक्टर रागावलेच तर दुसरे शोधा. पिशवी तशीच ठेवा.

मूल बोलत नसले तरी याबाबत त्याचे मत असते. ते तोंड घट्ट मिटते, चमचा ढकलते, ठरावीक बाटली दिसली की खोलीतून पळते. वहीत त्याच्यासाठीही एक रकाना आखावा.